मीठ सोडलं, चहा सोडला, तरी बीपी चढलेलंच!

कोथरूडहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ४९. घरीच गाण्याचे क्लास घेतात, सकाळी एक बॅच, संध्याकाळी दोन. घरात पती, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. सहा महिन्यांपूर्वी सोसायटीतल्या आरोग्य शिबिरात त्यांचं बीपी १५६/९८ निघालं. फॅमिली डॉक्टरांकडे दोनदा मोजलं, तेव्हा १४८/९४ च्या आसपास. डॉक्टर म्हणाले, गोळी सुरू करू. ताईंनी मुदत मागून घेतली आणि पथ्य धरलं. स्वतःच्या भाजी-आमटीत मीठ बंद, अगदीच लागलं तर वरून सैंधव. चहाही बंद. ('पहिले आठ दिवस डोकं असं धरलं की रोज एक गोळी घ्यावी लागली.') सासूबाईंना अळणी घास उतरत नाही, म्हणून आता दोन पातेली चढतात. सासूबाई खर्डा करतात, लोणच्याची बरणी ताटाशेजारी ठेवतात आणि त्यावरून रोज वाजतं. पती म्हणतात, 'तू टेन्शन घेतेस म्हणून चढतं.' घरी मशीन आणलंय, दिवसातून आठ-दहा वेळा मोजतात. कधी १३८ येतं, कधी १६५, आणि आकडा मोठा आला की छातीत धडधडायला लागतं. डॉक्टर आता म्हणतात, आणखी थांबू नका. नाशिकचा भाऊ म्हणतो, दोन महिने इकडे ये, वातावरण बदललं की उतरेल. ताई विचारतात, 'सासूबाईंच्या खारट हातापासून लांब जाऊन बघू, की जन्माची गोळी मागे लावून घेऊ? तशी मी गोळ्या घेणारी नाही. घशासाठी ज्येष्ठमध, तेही आयुर्वेदिक; गुडघा फारच दुखला तर आणि सर्दीला काहीतरी, एवढंच.'

ताई,

तुमचं पत्र चांगलं चार पानी आहे. त्यातली साडेतीन पानं मीठ, लोणचं आणि सासूबाई यांनी व्यापली आहेत, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ओळ तुम्ही अगदी शेवटी 'एवढंच' म्हणून उरकली आहे. मी तिथूनच सुरुवात करते.

मधे एका ठिकाणी तुम्ही सहज लिहून गेला आहात की मंडईकडच्या काष्ठौषधीच्या दुकानातून ज्येष्ठमध पाव-पाव किलो येतं, क्लास चालू असताना गालात काडी असतेच आणि रात्री झोपताना चमचाभर पूड मधातून घेता. किती वर्षांपासून, ते लिहिलेलं नाही. पण 'आवाज टिकलाय तो त्याच्याच जिवावर' या वाक्यावरून बराच काळ असावा. ताई, ज्येष्ठमध बीपी वाढवतं. ही ऐकीव गोष्ट नाही, अफवा नाही. औषधशास्त्राच्या पुस्तकांत ते कसं वाढवतं हेसुद्धा नीट दिलेलं आहे.

होतं असं. शरीरात किती मीठ ठेवायचं आणि किती लघवीवाटे सोडायचं, हे मूत्रपिंडं ठरवतात. 'मीठ धरून ठेवा' हा निरोप त्यांना अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक देतं. गंमत म्हणजे कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरकही तोच निरोप देऊ शकतं, आणि ते रक्तात कितीतरी जास्त असतं. म्हणून मूत्रपिंडात एक एन्झाइम त्याला दारातच निकामी करत असतं. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन नेमकं हे एन्झाइम बंद पाडतं. मग मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून बसतात, पोटॅशियम मात्र वाहून जातं आणि बीपी चढतं. म्हणजे तुम्ही ताटातलं मीठ काढलंत आणि गालातल्या काडीने अंगातलं मीठ अडवून ठेवलं.

१९४६ साली रिव्हर्स नावाच्या डच डॉक्टरांनी पोटातल्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क दिला. अल्सरला गुण आला, पण काही रुग्णांच्या अंगावर सूज चढली. तिथून हा शोध सुरू झाला. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, स्वीडनमधल्या संशोधकांनी निरोगी तरुण माणसांना दोन आठवडे रोज १०० मिलिग्रॅम ग्लायसिरायझिक ॲसिड (म्हणजे वरचं ग्लायसिरायझिनच) असलेलं ज्येष्ठमध खायला दिलं, तर वरचा आकडा सरासरी तीनने वाढला. हे १०० मिलिग्रॅम म्हणजे युरोपात रोजची मर्यादा म्हणून सांगितलेलं प्रमाण. तुमच्या चमचाभर पुडीत ते किती, हे मुळीच्या प्रतीवर ठरतं. पण शंभराची रेघ त्या एका चमच्यातच ओलांडली जाऊ शकते, आणि दिवसभराची काडी वेगळीच. तुम्ही विशीतल्या नाही आणि तुमचं बीपी आधीच वर आहे, तेव्हा तुमच्या बाबतीत तीनावरच भागेल असं समजू नका.

रात्री पोटऱ्यांत गोळे येतात का? जिना चढताना मांड्या गळून गेल्यासारख्या वाटतात का? छातीत मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा होतो का? तुम्ही 'धडधड' लिहिली आहे आणि ती आकडा बघून होते असं म्हटलं आहे. असेलही तसं. पण पोटॅशियम कमी झालं तरी ठोके अनियमित होतात, म्हणून याच आठवड्यात रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या. ज्येष्ठमध आजपासून बंद. त्याचा परिणाम लगेच ओसरत नाही, आठ-पंधरा दिवस, कधी त्याहूनही जास्त लागतात. तेव्हा परवा मोजून 'काही फरक नाही' म्हणू नका.

आता 'तेही आयुर्वेदिक' हे शब्द. यात आयुर्वेदाचा दोष काढायचा माझा मुळीच हेतू नाही. उलट, बीपी उतरवणाऱ्या आधुनिक औषधांपैकी अगदी सुरुवातीचं एक आपल्या सर्पगंधेच्या मुळीतून आलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेचा अनुभव छापला, तेव्हा पाश्चात्त्य डॉक्टरांनी तिची दखल घेतली, आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. एक मुळी बीपी उतरवू शकते हे आपण अभिमानाने सांगतो, तर दुसरी चढवू शकते हेही मानायला हवं. वैद्य ज्येष्ठमध देतात ते मात्रा ठरवून, प्रकृती बघून, ठरावीक काळापुरतं. पाव किलो आणा आणि वर्षानुवर्षं चघळा, असं कुठल्या वैद्यांनी तुम्हाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

घशाचं काय, असं तुम्ही विचारणार. गाणाऱ्या माणसाला घसा म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न, त्यामुळे तो बाजूला सारता येत नाही. कोमट पाणी घोट-घोट, वाफ, दोन बॅचमधे खरंच गप्प बसणं, साखरेचा त्रास नसेल तर खडीसाखर. मिठाच्या पाण्याच्या गुळण्याही करा. त्या थुंकून टाकायच्या असतात, बीपीला बाधत नाहीत. आणि आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना स्वरयंत्र दाखवा. कित्येकदा रात्री घशाशी येणारं आम्लपित्त हे बसलेल्या आवाजाचं कारण असतं आणि त्यावर कितीही काड्या चघळल्या तरी उपयोग नसतो. बाजारातली खोकल्याची सिरपं, घशाच्या चघळायच्या गोळ्या, तयार काढे घेताना मागचं बारीक अक्षर वाचा. यष्टिमधु, मुलेठी, मुलहठी ही सगळी ज्येष्ठमधाचीच नावं.

दुसरं, गुडघ्याची गोळी. 'फारच दुखला तर' म्हणजे महिन्यातून एकदा की आठवड्यातून चारदा? हे मला कळलं नाही आणि बहुधा तुम्हीही मोजलेलं नाही. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब यांपैकी कुठलीही गोळी नियमित घेतली तर शरीरात मीठ-पाणी साठतं आणि बीपी पाचेक अंकांनी वर सरकू शकतं. कुणाचं जास्त, कुणाचं कमी. शिवाय बीपीच्या बऱ्याच गोळ्यांचा जोर या गोळ्या कमी करतात. पुढे तुम्हाला टेल्मिसार्टनसारखं औषध आणि लघवीची गोळी सुरू झाली आणि त्यावर तुम्ही गुडघ्यासाठी ही गोळी घेत राहिलात, तर तिघांचा मिळून मूत्रपिंडांवर ताण येतो. हे डॉक्टरांना माहीत असतं. पण तुम्ही गोळी घेता हेच माहीत नसेल तर ते काय करणार? त्या मानाने पॅरासिटामॉल सौम्य, पण तीही बेताने. एडिंबरामधल्या २०२२ च्या अभ्यासात बीपी असलेल्या लोकांना दोन आठवडे रोज चार ग्रॅम पॅरासिटामॉल दिलं, तेव्हा त्यांचा वरचा आकडाही साधारण पाचने चढला. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत तर वर सोडियमही असतं. गुडघ्याला मांडीचे व्यायाम, शेक, वजन थोडं उतरवणं आणि लावायचं मलम यांचा आधार घ्या. क्लास मांडी घालून घेत असाल तर खुर्चीवर बसून घ्या, मुलींना काही वाटणार नाही.

आणि 'सर्दीला काहीतरी'. हे 'काहीतरी' म्हणजे मेडिकलवाल्याने काउंटरवरून दिलेली गोळी असणार. तिच्या पाकिटावर फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन लिहिलंय का बघा. चोंदलेलं नाक ही औषधं मोकळं करतात ती रक्तवाहिन्या आवळून; आणि पोटात गेलेली गोळी फक्त नाकातल्याच रक्तवाहिन्या शोधून आवळत नाही. याच जातीचं फेनिलप्रोपॅनोलामिन नावाचं औषध सर्दीच्या गोळ्यांत सर्रास असायचं. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका दिसल्यावर २००० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कंपन्यांना ते बाजारातून काढायला सांगितलं. नाकात घालायचे झायलोमेटॅझोलिन, ऑक्सिमेटॅझोलिनचे थेंबही तीन-चार दिवसांपलीकडे नकोत, नाहीतर ते सोडलं की नाक दुप्पट चोंदतं आणि बाटली हातची सुटत नाही. तुमची सर्दी बारमाही असेल तर ती बहुतेक ॲलर्जी. तिच्यासाठी बीपी न चढवणारी औषधं आहेत. डॉक्टरांना विचारा, मिठाच्या पाण्याने नाक धुऊन बघा.

एवढं लक्षात आल्यावर मला सासूबाईंच्या बरणीकडे बघून जरा वाईटच वाटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालंय. मिठाचा बीपीशी संबंध नाही असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, दिवसभराचं सगळं मिळून. आपल्याकडे त्याच्या जवळजवळ दुप्पट खाल्लं जातं. तुमच्या घरी चार माणसं आहेत. चौघांचे दिवसाला वीस ग्रॅम धरले तर एक किलोचा पुडा पन्नास दिवस पुरायला हवा, आणि यात बाहेरून येणारं खारट धरलेलंच नाही. पुढचा पुडा फोडाल तेव्हा त्यावर तारीख लिहा. भाजीत चिमूट टाकली की दोन, यावरून भांडण्यापेक्षा हा हिशेब सोपा आहे.

तुम्ही स्वतः मीठ 'बंद' केलंय, पण पत्रात दोन बॅचच्या मधे मुलींबरोबर खारी खाता असंही लिहिलंय. चहा सुटला, खारी राहिली. खारी, ब्रेड, पाव, फरसाण, सॉस, पाकिटातलं सूप, झटपट नूडल्स यांतलं मीठ डोळ्यांना दिसत नाही. पापडात मीठ असतंच, वर पापडखार, आणि तोही सोडियमचाच क्षार. उपासाला चालतं म्हणून सैंधव पवित्र असेल, पण बीपीच्या लेखी ते मीठच, कारण तेही जवळपास सगळं सोडियम क्लोराइड असतं. शिवाय पुष्कळदा त्यात आयोडीन घातलेलं नसतं.

तेव्हा दोन पातेली बंद करा. संपूर्ण अळणी खायची तुम्हाला गरज नाही, आणि ते फार दिवस निभतही नाही. घरातल्या सगळ्यांच्याच जेवणातलं मीठ एक चतुर्थांशाने कमी करा, कुणाला न सांगता केलंत तरी चालेल. दोन-तीन आठवड्यांनी आणखी थोडं. महिना-दीड महिन्यात जिभेला सवय होते आणि मग पूर्वीचीच आमटी खारट लागते. आमसूल, लिंबू, लसूण, जिरं, ओलं खोबरं, कोथिंबीर यांनी जेवणाची चव राहते. कणीक-भाकरीत आणि भाताच्या पाण्यात मीठ घालत असाल तर ते सगळ्यात आधी काढा, कारण तिथलं गेलेलं कुणाला कळतही नाही. आणि हो, सासूबाईंचं बीपी शेवटचं कधी मोजलं? तुमच्या पत्रात त्यांच्या बरणीचं साग्रसंगीत वर्णन आहे, पण त्यांच्या बीपीचा आकडा कुठे नाही. ७६ व्या वर्षी तो माहीत असायला हवा. मशीन घरात आहेच. 'तुम्ही मीठ कमी खा' यापेक्षा 'आई, या, तुमचंही बघू' हे घरात जास्त चालतं. चांगला आला तर त्यांना लोणच्याची फोड सुखाने खाऊ द्या. जास्त आला तर त्या तुमच्या पथ्याच्या सोबती होतील. त्यांनाच विचारा की कमी मिठाची कोशिंबीर रुचकर कशी करायची. इतकी वर्षं त्या हाताने घर जेवलंय.

'लो सोडियम' मीठ आणू का, असं पुष्कळ वाचक विचारतात. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. चीनमध्ये सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी दिसलं, म्हणजे हे लो सोडियम मीठ चांगलंच आहे. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. पोटॅशियम रक्तात साठलं तर हृदयाला धोका असतो.

चहा परत सुरू करा. खरंच. कॅफिनने बीपी दोन-तीन तास थोडं चढतं हे बरोबर, पण रोज पिणाऱ्याच्या शरीराला त्याची बरीचशी सवय झालेली असते. दिवसाला दोन कप चहाने तुमच्या बीपीचं काही बिघडत नाही. उलट तो एकदम सोडल्यावर डोकं धरलं आणि त्यासाठी तुम्ही आठ दिवस रोज वेदनाशामक गोळी घेतलीत. आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी! फक्त मोजायच्या आधीचा अर्धा तास चहा नको.

आता मोजण्याकडे येते, कारण तुमचे १३८ आणि १६५ हे दोन्ही आकडे खरे असू शकतात. बीपी ही दिवसभर एकाच जागी बसून राहणारी गोष्ट नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या हाइन्स आणि ब्राउन या डॉक्टरांनी एक साधी चाचणी काढली: मनगटापर्यंत हात बर्फाच्या पाण्यात मिनिटभर बुडवायचा आणि बीपी बघायचं. निरोगी माणसाचंही दहा-वीस अंकांनी उडी मारतं. थंडी, वेदना, दचकणं, जोर लावून जड बादली उचलणं, खाली चौकात लागलेला डीजे, या सगळ्यांनी ते तात्पुरतं चढतं. नुसतं बोलण्याने दहा अंक वाढू शकतात, लघवी तुंबवून बसल्याने तेवढेच. पाठीला टेकू नसणं, पायावर पाय टाकणं, हात लोंबता ठेवणं, ब्लाउजच्या बाहीवरूनच पट्टा बांधणं, दंडाला पट्टा लहान पडणं, प्रत्येकाचे आपापले अंक. तुम्ही लिहिता, 'क्लास सुटला की आधी मोजते.' दीड तास गाऊन, बोलून, मुलींना ताना सांगून, घसा शेकायला काडी गालात, बाथरूमला जायचं राहिलेलं, आणि लगेच मशीन. १६५ येणारच. मग घाबरून दोन मिनिटांत पुन्हा मोजलं की १६८.

यापुढे सात दिवस असं करा. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहा-नाश्त्याआधी. आणि रात्री जेवणाआधी. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, दंड उघडा. पाच मिनिटं गप्प. फोन लांब. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा, आवडला तो नव्हे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकी सहा दिवसांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर बीपी आहे असं धरतात (दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ची). या दोन वेळांखेरीज मशीन कपाटात. मनगटाचं मशीन असेल तर बदला, दंडाचं घ्या, आणि एकदा ते दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून पाहा. तरीही शंका राहिली तर २४ तास दंडावर बांधून ठेवायचं यंत्र पुण्यात सहज मिळतं. झोपेतलं बीपी फक्त त्यातूनच नीट कळतं.

यजमानांच्या 'टेन्शन'बद्दल थोडंच लिहिते. चिडचिड झाली की बीपी चढतं, शांत झालं की उतरतं. पण 'टेन्शन घेतेस' म्हटलं की पुढचं काही शोधायची गरजच उरत नाही, आणि दोष पुन्हा बाईच्या स्वभावावर येतो. तुम्हाला झोप किती मिळते? घोरता का? दुपारी बसल्या बसल्या डोळा लागतो का? झोपेत श्वास अडकण्याचा विकार हे न उतरणाऱ्या बीपीचं नेहमी निसटणारं कारण आहे. आणि पाळी जाण्याच्या या वयात बायकांचं बीपी तसंही वर सरकू लागतं, त्यात कुणाचाच दोष नसतो.

नाशिकचं सांगते. तिथे तुमचं बीपी उतरण्याची बरीच शक्यता आहे, आणि मला नेमकी तीच काळजी वाटते. तिथे क्लास नाहीत, म्हणून काडी नाही. गुडघ्याला आराम, म्हणून गोळी नाही. खारी नाही, क्लासनंतरची धावपळीची मोजणी नाही. दोन महिन्यांनी आकडा १३० आला की तुमची, भावाची, सगळ्यांची खात्री पटेल की सासूबाईंपासून लांब गेल्याने उतरलं. परत आलात, काडी गालात गेली, की पुन्हा १५०. आणि मग ज्या माणसाबरोबर तुम्हाला राहायचंय, त्या माणसावर कायमचा शिक्का बसेल. भावाकडे जावंसं वाटतंय तर चार दिवस जरूर जा, माहेरपणाला कारण लागत नाही. इलाज म्हणून मात्र नको.

उरली गोळी. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांच्या वर जाऊन 'घेऊ नका' असं मी सांगणार नाही. माझं म्हणणं इतकंच, त्यांच्याकडे जाताना एक पिशवी घेऊन जा. तिच्यात ज्येष्ठमधाची पुडी, गुडघ्याच्या आणि सर्दीच्या गोळ्यांची पाकिटं, नाकाचे थेंब, असतील ती टॉनिकं, मधाची बाटली सोडून सगळं. शिवाय सात दिवसांची वही. पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर, लघवी, थायरॉइड आणि ईसीजी यांबद्दल त्यांना विचारा. मग ते कदाचित म्हणतील, हे सगळं बंद करून महिनाभर बघू. कदाचित म्हणतील, आकडा जास्त आहे, गोळी आत्ता सुरू करू आणि पुढे उतरला तर कमी करू. दोन्ही रस्ते बरोबर असू शकतात. तुमच्या पत्रातली 'मुदत' सहा महिन्यांची झाली आहे, ती आणखी लांबवणं मात्र बरोबर नाही. ज्येष्ठमध बंद करून महिना-दोन महिने झाले आणि पोटॅशियम तरीही कमीच राहिलं, तर अल्डोस्टेरॉनची तपासणी करायला सांगा. ते संप्रेरक बनवणाऱ्या, मूत्रपिंडांवरच्या ॲड्रेनल ग्रंथीच्या विकारावर वेगळे उपचार असतात.

बीपीच्या गोळीचं व्यसन लागत नाही. ती बरेचदा जन्मभर घ्यावी लागते, कारण बीपी बरेचदा जन्मभर असतं. चष्म्याला कुणी 'मागे लागला' म्हणत नाही. कारण सापडून ते दूर झालं तर गोळी कमी होते, बंदही होते, मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आपल्या मनाने एकदम बंद केलेल्या काही गोळ्यांनी बीपी उसळी मारतं.

इतर वाचकांपैकी ज्यांच्या घरी ज्येष्ठमध नाही, त्यांनी निश्चिंत होऊ नये. आपल्याकडे अनेक घरांत आजी-आत्या सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी 'तंबाखू खाता का?' विचारलं की निरागसपणे 'नाही' म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं आणि नाडी व बीपी दोन्ही चढतं. तपकिरीचं, गुटख्याचं तेच. रोज दारू पिणाऱ्याचं बीपी दारू सोडल्यावर काही आठवड्यांत उतरताना मी पाहिलंय, कधी एक गोळी वाचते इतकं. जिमला जाणाऱ्या मुलांच्या पावडरी आणि परीक्षेच्या रात्रीची एनर्जी ड्रिंक यांकडे आयांनी लक्ष ठेवावं. तुमच्याही मुलाच्या टेबलावर एक नजर टाका. दम्याच्या किंवा संधिवाताच्या स्टेरॉइडच्या गोळ्या, काही गर्भनिरोधक गोळ्या यांनीही बीपी वाढतं. त्या आपणहून बंद करायच्या नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना बीपीचा आकडा कळवायचा. पित्तासाठी रोज खायचा सोडा घेणाऱ्यांनी हिशेब करावा: पाच ग्रॅम सोड्यात जेवढं सोडियम असतं, तेवढं सुमारे साडेतीन ग्रॅम मिठात असतं.

मशीनवर वरचा आकडा १८० पेक्षा जास्त किंवा खालचा १२० पेक्षा जास्त आला, पण बाकी काहीच त्रास नाही, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा आणि तसाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. शेजारणीची गोळी घेऊ नका. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं जड होणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं किंवा अचानक धूसर दिसणं यांपैकी काही असेल, तर पुन्हा मोजत बसू नका. १०८ ला फोन करा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा.